शिमोनाचे काम

आज मिस्सेची उपासना आटोपल्यावर इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, पटांगणात यूथ ग्रुपच्या मुलांनी क्रूसाची वाट, म्हणजे क्रूस वाहून नेणाऱ्या येशूच्या शेवटच्या वाटचालीचे प्रसंग, सादर केली, आणि तेव्हापासून लोकांचा तो हशा काही केल्या माझ्या कानांतून जात नाही. प्रयोग चांगला बसला होता, हे आधीच नोंदवते. येशूला शिक्षा देणारा रोमन सुभेदार पिलात पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीने हात धूत होता आणि शिपायांच्या अंगावर वॉचमनचे गणवेश होते. उपवासकाळात प्रार्थनेला न्यायाची जोड हवी, हे फादर दरवर्षी सांगतात. मुलांनी ते या वेळी रस्त्यावरच आणून ठेवले.

पाचव्या ठाण्यावर, म्हणजे त्या वाटेवरच्या पाचव्या प्रसंगात, शिपायाने, सकाळी नाक्यावर मजूर निवडताना करतात तशी, बोटांनी टिचकी वाजवली आणि डब्याची पिशवी खांद्याला लावून शिमोन झालेले आमचे चिरंजीव पुढे आले. कुरेनेचा शिमोन शेताकडून येत होता, त्याचा या प्रकरणाशी काहीही संबंध नव्हता, तरी परगावचा माणूस दिसताच येशूचा क्रूस वाहायला त्याला वेठीस धरले. मुलाने तोंड उघडले आणि पटांगण हसले. जन्म इथला, गोव्यातला, कोंकणी शेजाऱ्यांच्या मुलांसारखी स्वच्छ. पण आज त्याने आपल्या बाबांची, कोल्हापूरकडच्या चंदगडी हेलाची कोंकणी काढली. लोक हसले ते त्या हेलाला. त्याचे बाबा तेव्हा बांधकामाच्या साइटवर होते, ते बरेच झाले.

इतकी वर्षे इथे काढून आपण अजून टिचकीवर बोलावण्याजोगेच का, असे मनात येऊन मी प्रसादाचे लाडूही न घेता घरी आले. शेजारच्या बाईही हसल्या होत्या. त्यांच्याविषयी आज काही लिहीत नाही. ज्या तियात्राच्या, म्हणजे कोंकणी नाटकाच्या, धर्तीवर मुलांनी मध्ये कांतारां, म्हणजे गाणी, घातली, त्या तियात्राचा पहिला प्रयोग १८९२ साली मुंबईत झाला, पोटासाठी तिकडे गेलेल्या गोंयकारांमध्ये. धोबीतलावच्या कुडींत, म्हणजे गोंयकारांच्या सामायिक बिऱ्हाडांत, दाटीवाटीने राहणाऱ्या त्या तारवटी (जहाजांवर काम करणाऱ्या), आचारी लोकांच्या बोलण्याला तेव्हा मुंबईत कोणी हसले नसेल काय?

संध्याकाळी हे सारे मुलाला ऐकवले, तर तो उलट खुशीत. "आई, लोक हसावेत म्हणूनच तो आवाज काढला. ते हसले की येशू पडतो आणि शिपाई त्यांनाच विचारतो, आता खांदा कोण देणार?" ते मी पाहिले होते. लोक गप्प झाले होते, हेही खरे. पण हशा आधी येतो आणि तो बाबांच्या वाट्याला येतो, हे मला अजून पटलेले नाही. आवाज कोणाचा घेतला, हे त्याने बाबांना सांगितले आहे म्हणे, आणि ते हसून म्हणाले, नीट जमत नाही तुला, "ळ" जरा जड काढ.

म्हणजे घरात रुसलेली मी एकटीच. पुढच्या रविवारी वाड्यावरच्या कपेलापाशी, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिरापाशी, पुन्हा प्रयोग आहे. क्रूस कोवळ्या खांद्यावर तसाच टेकवतो, ते मात्र मला पाहवले नाही. खाली टॉवेलाची घडी घे आणि ओझे कसे उचलतात ते बाबांकडून शिकून घे, असे त्याला बजावले आहे, कारण नाटक बसवणाऱ्याने आयुष्यात सिमेंटचे पोते उचललेले दिसत नाही.