कोबी ४ प्रोट्रो: २२ सेशन झाली, घोट्याचं अपडेट

नायकीच्या कोबी ४ प्रोट्रो ह्या बास्केटबॉल बुटात काल २२वं सेशन खेळून झालं. मागच्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलेलं की लो-टॉपमध्ये, म्हणजे घोट्याच्या खालीच संपणाऱ्या बुटात, घोट्याचं काय, तर एकदाही मुरगळला नाही. आधी दोनदा मुरगळलाय तो, आणि दोन्ही वेळा पायात हाय-टॉपच (घोटा झाकणारे) होते, तरीही उंच कॉलर म्हणजे घोटा सेफ हे डोक्यातून जायला मला महिना लागला.

ज्याच्या नावाचा हा बूट, त्या एनबीए (अमेरिकन बास्केटबॉल लीग) स्टार कोबी ब्रायंटचं म्हणणं हेच तर होतं. लहानपण इटलीत गेलेलं, फुटबॉलवाले एवढे जोरात कट मारतात (पळता पळता झटकन दिशा बदलतात) आणि त्यांचे बूट घोट्याच्या खाली, मग बास्केटबॉललाच उंच कॉलर कशाला? डिझायनर एरिक अवारकडे त्याने लो-टॉपच मागितला. लो-टॉप आधीही होते, बास्केटबॉलपटू वॉल्ट फ्रेझरचा प्यूमा क्लाइड ७०च्या दशकातला, पण कोबी ४ आला तेव्हा एवढ्या मोठ्या स्टारने असा बूट घालणं धाडसच होतं. आणि मग २ फेब्रुवारी २००९, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, तिथल्या निक्स टीमविरुद्ध कोबीचे ६१ पॉइंट, ह्याच मॉडेलमध्ये! त्याच वर्षी जूनमध्ये फायनलला ऑरलँडोला ४-१ हरवून टायटल आणि फायनल्स एमव्हीपी (फायनलचा सर्वोत्तम खेळाडू) पण.

आता माझ्या पायाचं. पकड टाचेत आहे हे मला उशिरा कळलं, म्हणजे शेवटच्या भोकापर्यंत लेस ओढून बांधली की टाच आत बसते ती हलतच नाही, आणि डिफेन्सला स्लाइड करताना पाय बुटाच्या बाहेर सरकत नाही. घोटा मोकळा असल्याने क्रॉसओव्हरनंतरची (बॉल एका हातातून दुसऱ्या हातात टाकून दिशा बदलल्यावरची) पहिली स्टेप मला तरी जास्त लवकर पडतेय असं वाटतं. पहिल्या आठवड्यात करंगळीला फोड आला, माझा पाय रुंद आहे, तुमचाही असेल तर अर्धा साइज मोठा घ्या. लाकडी कोर्टवर ग्रिप मस्त, धूळ असली की मधेमधे ओल्या फडक्यावर तळ पुसायचा. सिमेंटवर मी नेत नाही, कुठलाही चांगला तळ तिथे घासला जाणारच.

२०१८ला कोबी १ पासून प्रोट्रो सुरू झाले, म्हणजे जुना चेहरा आणि आतलं सामान आजचं, ४चा नंबर २०१९ला लागला. कोबी जाऊन इतकी वर्षं झाली तरी एनबीएतल्या डिमार डिरोझनसारखे प्लेअर अजून त्याचेच बूट घालून उतरतात, ते बघितलं की खरंच भरून येतं.

एका पायावर तोल धरायचा व्यायाम रोज चालू आहे, त्याशिवाय लो-टॉपला हात लावू नका. पुढचं अपडेट ३० सेशननंतर, तळाच्या फोटोसकट.