बाहेरचं मीठ बाहेर

शनिवार, एप्रिल
सोलापूर

पेशीची आकृती मुलांच्या डोक्यात एकदा बसली की हलत नाही. मध्ये केंद्रक, बाजूला तंतुकणिका, प्रत्येकाला बाण, बाणाच्या टोकाला नाव. परीक्षेत गुण मिळतात आणि विषय संपतो. त्या चित्रात सगळं जागच्या जागी निवांत बसलेलं असतं, आणि मला नेमकं तेच खटकतं. जिवंत पेशीत निवांत असं काही नसतं. यंदा अकरावीच्या पोरांना हे डोळ्यांनी दिसायला हवं, असं मनाशी धरलं होतं.

आज प्रॅक्टिकलला रससंकोच घेतला, म्हणजे पाणी गमावून पेशीचा आतला भाग आकसतो तो प्रयोग. पुस्तकात र्‍हिओचं पान सांगतात, मी लाल कांदा घेते. आपल्या मार्केट यार्डात कांद्याला काय तोटा! पाकळीच्या बाहेरच्या अंगाची जांभळी साल चिमट्याने अलगद ओढायची. ती पारदर्शक निघाली पाहिजे, जाड निघाली तर टाकून दुसरी काढायची. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यावर साल, वर कव्हर स्लिप. मायक्रोस्कोपखाली विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसतात, प्रत्येक काठोकाठ जांभळी. रंग रिक्तिकेतला, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीतला असतो, वरून काही घालावं लागत नाही. मग एका कडेने मिठाचं दाट पाणी सोडायचं आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने ओढून घ्यायचं. दोनेक मिनिटांत जांभळा रंग कोपऱ्यांतून सुटायला लागतो, आकसतो, आणि रिकाम्या चौकटीत एक गडद गोळा उरतो. पाणी बाहेर गेलं, रंग मात्र आतच राहिला.

मग पुन्हा साधं पाणी सोडलं. गोळा फुगत फुगत भिंतीला टेकला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने डोळा काढलाच नाही, बाकीच्यांना तिला अक्षरशः बाजूला करावं लागलं.

दुसरी साल मी आधी उकळत्या पाण्यात बुडवून ठेवली होती. तिच्यावर मीठ घाला, पाणी घाला, काहीच होत नाही. रंग केव्हाच पाण्यात उतरलेला. पेशीभित्तिका तीच, आकार तोच, पदार्थही जवळपास तेच. गेलं ते भित्तिकेच्या आतलं प्रद्रव्यपटल, स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर. काय आत राहील आणि काय बाहेर, हे ठरवणारं कुणी उरलं नाही.

आत आणि बाहेर यांतला फरक टिकवणं, माझ्या मते जिवंतपणाचं हे पहिलं काम. आपल्या रक्तात सोडिअम पेशीच्या आतल्यापेक्षा दहापट किंवा जास्त असतं. पोटॅशिअमचं उलट, ते आत जवळजवळ तीसपट. पटलातून दोन्ही सतत थोडे थोडे झिरपतात. हा फरक राखायला पटलात एक प्रथिन आहे: एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा) एक रेणू खर्ची घालून ते सोडिअमचे ३ आयन बाहेर टाकतं आणि पोटॅशिअमचे २ आत घेतं. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या नसांवर काम करून ते दाखवलं, नोबेल मिळायला १९९७ उजाडलं. आपण नुसते बसलेलो असतानाही शरीराच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त या एका पंपावर जातो. (कांद्यात हा पंप नाही. वनस्पती त्याऐवजी हायड्रोजन आयन बाहेर ढकलतात. पण फरक राखायचा खर्च त्यांनाही चुकत नाही.)

आणि एटीपीची शिल्लक किती? कोणत्याही क्षणी अख्ख्या शरीरात मोजके काही ग्रॅम, शंभराच्या आतबाहेर. दिवसाकाठी मात्र जवळपास आपल्या वजनाइतकं एटीपी बनतं आणि मोडतं. पेशीचं सरळ सरळ हातावर पोट आहे. बहुतेक एटीपी बनवणाऱ्या तंतुकणिका थांबल्या तर मेंदूच्या पेशी काही मिनिटांत संकटात येतात, ते यामुळेच.

एटीपीचं नाव निघालं की मी यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचं नाव घेतेच. जन्म भीमावरमचा, अमेरिकेत हार्वर्डला फिस्क यांच्यासोबत त्यांनी स्नायूतलं एटीपी ओळखलं. १९२९ साली जर्मनीत लोहमान यांनीही ते स्वतंत्रपणे शोधलं. माझ्या वर्गात सोलापूरच्या पूर्वभागातली, घरी तेलुगू बोलणारी निम्मी पोरं. हे नाव ऐकून त्यांच्या माना वर होतात, आणि मला ते फार आवडतं.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरची शेजारीण आली. तिचा नवरा यंत्रमागावर जातो. या उन्हात शेडमध्ये दिवसभर उभं राहायचं, त्यात कालपासून जुलाब. "अक्का, नुसतं पाणी दिलं तर चालंल का?" मी म्हटलं, नुसतं नको, ओआरएसचं पाकीट आण, पूर्ण १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सगळं एकदम घाल, आणि लघवी कमी वाटली किंवा गुंगी आली तर दवाखाना. त्या पाकिटात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, शिवाय पोटॅशिअम क्लोराइड आणि सायट्रेट. साखर ताकदीसाठी असते असं सगळ्यांना वाटतं. खरं काम वेगळं आहे: आतड्याच्या पेशीत सोडिअम आणि ग्लुकोज एकाच दारातून जोडीने आत येतात आणि पाणी त्यांच्या मागे येतं. कॉलऱ्यातही हे दार चालू राहतं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच्याच जोरावर हजारोंना वाचवलं. आणि हे दार उघडतं ते पंपाने आधीच पेशीतलं सोडिअम उपसून ठेवलेलं असतं म्हणून! सकाळी मायक्रोस्कोपखाली दिसलं आणि संध्याकाळी जिन्यात सांगितलं, दोन्ही एकच गोष्ट.

सकाळी तास संपताना मागच्या बाकावरच्या त्याच मुलीने विचारलं, "मॅडम, रक्तपेढीत फ्रीजमध्ये ठेवलेलं रक्त मग जिवंत असतं का?" काय प्रश्न आहे! सोमवारी तिथूनच सुरुवात करते. लाल पेशींत तंतुकणिका नसतात, एका ग्लुकोजमागे निव्वळ २ एटीपी एवढीच कमाई. गारठ्यात पंप मंदावतो आणि दिवसागणिक पोटॅशिअम पिशवीतल्या द्रवात झिरपत राहतं. ते रक्त माणसाच्या अंगात गेलं, ऊब मिळाली की पंप परत चालू होतात आणि पेशी आपलं पोटॅशिअम पुन्हा आत ओढून घेतात.