आजीची बरणी

आजीची लोणच्याची चिनी मातीची बरणी परवापासून गच्चीत उन्हात होती. आज आम्ही ती भरायला बसलो, लोणच्याने नव्हे, आठवणींनी. ओल राहिली तर कागदाला बुरशी धरते, म्हणून आईने दोनदा आत हात घालून पाहिलं. हिंगाचा वास मात्र गेला नाही, आणि तो राहिला याचा मला फार आनंद झालाय.

आजोबांच्या कोटाची तीन बटणं, कंडक्टरने पंच केलेली एसटीची तिकिटं, अ‍ॅल्युमिनियमचं षटकोनी २० पैशांचं नाणं (२०११ मध्ये चलनातून गेलं, लेकीने आज पहिल्यांदा पाहिलं). बाबांसोबतच्या पंढरपूरच्या फेरीचं तिकीट मशीनचं होतं. त्या थर्मल कागदावरची अक्षरं हळूहळू उडतात, निम्मी उडालीच होती. लगेच झेरॉक्स काढून आणली.

प्रत्येक वस्तूला पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बांधली, कारण शाई ओलीने पसरते. आई सांगत होती, लेक लिहीत होती. शेवटी आजीच्या अक्षरातलं पोस्टकार्ड आलं, गोडा मसाल्याच्या मापांचं.

"सासूबाई दगडफूल जरा जास्तच घालायच्या," आई म्हणाली आणि कार्ड हातात धरून बसून राहिली. ते अजून बरणीत गेलेलं नाही.