गणेर, सोनसावर आणि दहा हजार पावलं

आमच्या सोसायटीच्या उपक्रमांत आजवर माझा सहभाग वर्गणीपुरता राहिलाय. त्यामुळे जानेवारीच्या शेवटी ग्रुपवर 'चला चालू या' असा निरोप आला, तेव्हा सवयीने अंगठा दाखवला आणि भाजी फोडणीला टाकायला गेले. त्या अंगठ्याचा अर्थ होकार असा लावला गेलाय, हे दोन दिवसांनी लिफ्टमध्ये डकवलेल्या यादीवरून कळलं. बी विंग, पाचवं नाव.

रोज दहा हजार पावलं, महिना फेब्रुवारी. (तो 28 दिवसांचा असतो म्हणूनच निवडला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.) माणशी 2,80,000 झाली. पण सेक्रेटरीबाईंनी त्यात एक मेख मारून ठेवली होती. लोकांनी पार्किंगमध्ये घाण्याच्या बैलासारखं फिरून आकडा फुगवू नये, जरा झाडाझुडपांत जावं, म्हणून वेताळ टेकडीवरची पावलं दुप्पट धरायची. पुरावा म्हणून तिथल्या एका झाडाचा नाहीतर पक्ष्याचा फोटो टाकायचा आणि खाली त्याचं मराठी नाव लिहायचं. एकदा येऊन गेलेलं झाड पुन्हा चालणार नाही.

पावलांची मला धास्ती नव्हती, नावांची होती. आंबा, वड, पिंपळ, नारळ इथे माझं वनस्पतिशास्त्र संपतं.

दहा हजार हा आकडा कुठल्या डॉक्टरने काढला असेल, असं मला वाटायचं. तो निघाला जाहिरातीतला. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाचं वारं शिरलं होतं. पुढच्याच वर्षी तिथल्या एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं आणि त्याला नाव दिलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मीटर. गोल आकडा, कानाला बरा, बस्स. हेच यंत्र आपल्याकडे निघालं असतं तर दहा हजार एक पावलं ठरली असती. शकुनाचं एक पाऊल आपण सोडलं नसतं.

वेताळ टेकडी हे पुण्यातलं सगळ्यात उंच ठिकाण, समुद्रसपाटीपासून साधारण 2,600 फूट. कोथरूडकडून चढताना पहिली दहा मिनिटं धाप लागते आणि बोलणं आपोआप बंद होतं. उतरताना वेगळीच गंमत. वाटेवरचा मुरूम बुटाखाली बाजरीसारखा सरकतो. तिसऱ्या दिवशी मी तशीच बसकण मारून चार हात खाली आले. फोन हातात होता, त्याने या घसरगुंडीची किती पावलं धरली ते रात्री बघायला गेले, तर एकही नाही. गुण नाहीत ते नाहीत, वर पंजाबी ड्रेसला लाल डाग.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी एकच झाड टाकायचा प्रयत्न केला, कारण वर तेच जास्त दिसतं. गिरिपुष्प. फिकट गुलाबी फुलांनी लगडलेलं, दिसायला गोड, पण इथलं नव्हेच. मूळचं मध्य अमेरिकेकडचं, वनखात्याने उजाड टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात म्हणून लावलेलं. त्याला उंदीरमारी असंही म्हणतात, त्याचं विष उंदरांना मारतं म्हणून. सी विंगच्या काकांनी ते 'गिरिपुष्प' म्हणून आधीच टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सौभाग्यवतींनी तेच 'उंदीरमारी' म्हणून खपवलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी लक्षात ठेवलं.

आणि दहा तारखेला मला माझं झाड सापडलं. जुन्या दगडखाणीच्या अलीकडे, उतारावर, कातळाला धरून उभं. अंगावर एक पान नाही, राखाडी वेड्यावाकड्या फांद्या, आणि त्यांच्या टोकांना तळहाताएवढी पिवळीजर्द फुलं. मी किती वेळ उभी राहिले कोण जाणे. त्या दिवशी माझी पावलं कमी भरली एवढं खरं. तिथे भेटलेल्या एका आजोबांनी नाव सांगितलं, गणेर. मी ऐटीत फोटो टाकला.

पाचव्या मिनिटाला ए विंगची हरकत आली. हे झाड आम्ही सहा तारखेलाच 'सोनसावर' म्हणून टाकलंय. आमच्या विंगने छातीठोकपणे सांगितलं की दोन्ही वेगळी आहेत. गणेर वेगळं, सावर वेगळी, ही तर साधी गोष्ट आहे. फोटो मोठे करून पाकळ्या मोजल्या गेल्या. पाण्याच्या टँकरवरून झाली नव्हती एवढी चर्चा झाली.

आईला फोटो दाखवला. तिचं लहानपण वाईजवळच्या एका वाडीत गेलं. चष्मा वर करून तिने पाहिला आणि म्हणाली, "अगं, गणेर म्हण नाहीतर सोनसावर म्हण, झाड एकच. याच्या बोंडातल्या कापसाच्या उशा करायचो आम्ही. उन्हाळ्यात डोकं तापत नाही."

आईचा हा निवाडा मी ग्रुपवर टाकला नाही. काकूंची उंदीरमारी चालली, तर माझी गणेर का नको? तरीही आम्ही तिसरे आलो. बक्षीस पहिल्या दोघांनाच होतं, स्टीलचे डबे.

मार्चमध्ये यादी लिफ्टमधून निघाली आणि टेकडी माझ्या डोक्यातून. आईच्या डोक्यातून मात्र कापूस गेला नव्हता. एप्रिल संपत आला तशी रोज सकाळी चहाबरोबर विचारणा, बोंडं फुटली असतील ना गं आता? शेवटी एक दिवस कापडी पिशवी घेऊन पहाटेच चढले. फुलांचा मागमूस नव्हता. तपकिरी बोंडं फांद्यांवर तडकून लोंबत होती आणि वाऱ्याने निघालेला कापूस खालच्या वाळक्या गवतात अडकला होता. तो वेचताना बोटांना कुसळं लागतात. तासभर ओणवी होऊन मूठभर निघाला. फोन बघितला, 3,900.

आईने तो कापूस ताटात पसरला, त्यातल्या वाकड्या बिया एकेक करून काढल्या, आणि पुन्हा पिशवीत भरून पिशवीला गाठ मारली.

"उशीला किती लागेल?" मी विचारलं.

तिने पिशवी हातावर तोलून पाहिली. "तू अशीच जात राहिलीस तर दोन-तीन उन्हाळे."