बँकॉकचा एक दिवस: सकाळी राजवाडा, दुपारी सावली, रात्री याओवारात

बँकॉकमध्ये एकच दिवस हाती असेल, तर काय पाहायचं यापेक्षा कोणत्या क्रमाने पाहायचं हे आधी ठरवा. बहुतेक दिवस दोन कारणांनी फसतात: भर दुपारी उघड्या फरशीवर फिरणं आणि रस्त्याने टॅक्सीत अडकणं. म्हणून उघड्यावरचं सगळं अकराच्या आत, दुपार छपराखाली, आणि जमेल तितका प्रवास नदीतून किंवा जमिनीखालून. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हे नियम थोडे सैल करता येतात, एप्रिलमध्ये नाही.

सुरुवात बीटीएस, म्हणजे उन्नत रेल्वेच्या, सफान ताक्सिन या स्थानकावरून करा. जिना उतरलात की समोरच साथोर्न धक्का. इथे दोन प्रकारच्या बोटींची तिकिटं मिळतात. पर्यटकांसाठीची निळ्या झेंड्याची बोट महाग असते आणि तिचीच जाहिरात जास्त होते. तुम्हाला हवी ती नारिंगी झेंड्याची, जिने स्थानिक लोक कामावर जातात. तिचं भाडं साधारण १६ बात. बोट धक्क्याला जेमतेम अर्धा मिनिट थांबते, तेवढ्यात उतरणारे आणि चढणारे दोघेही उरकतात. त्यामुळे उतरायच्या आधीच्या धक्क्यालाच उठून मागच्या टोकाशी जाऊन उभं राहा. सुट्टे पैसे हातात ठेवा. बऱ्याचदा तिकीट बोटीतच मिळतं, लांबट डबी खडखडवत येणारी व्यक्ती म्हणजे कंडक्टर. था चांग, म्हणजे नऊ नंबरच्या धक्क्यावर उतरा.

राजवाडा साडेआठला उघडतो आणि तिकीटविक्री दुपारी साडेतीनला बंद होते. परदेशी पर्यटकांना तिकीट ५०० बात. सव्वाआठलाच फाटकाशी पोहोचलात तर मोठे गट यायच्या आत मुख्य भाग पाहून होतो. वाटेत एखादा सभ्य दिसणारा माणूस सांगेल की आज राजवाडा बंद आहे, पूजा चालू आहे, चला मी तुम्हाला टुकटुकने दुसरी देवळं दाखवतो. ती फेरी रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात संपते. काहीही ऐकलं तरी फाटकापर्यंत चालत जा आणि तिथल्या पहारेकऱ्यालाच विचारा.

कपड्यांचा नियम इथे खरोखर पाळला जातो. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. फाटकी जीन्स आणि नुसती लेगिंग चालत नाही. बिनबाह्यांच्या कपड्यावर ओढणी घेतली तर चालवून घेतील याची खात्री नसते, म्हणून बाह्यांचाच कुर्ता घाला. सुती सलवार-कुर्ता किंवा सैल पॅंट आणि हाफ शर्ट या हवेला सगळ्यांत सोयीचं.

१७८२ साली ‘पहिला राम’ या राजाने राजधानी नदीच्या या काठावर आणली, तेव्हापासूनचा हा परिसर. सगळी गर्दी आवारातल्या देवळातल्या पाचूच्या बुद्धाकडे धावते. मूर्ती जेमतेम ६६ सेंटिमीटर उंच आहे, उंच आसनावर आहे, आणि आत फोटोला बंदी आहे. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तीन ऋतूंप्रमाणे राजा स्वतः तिची वस्त्रं बदलतो. आत बसताना पाय मागे दुमडून बसा, तळवे मूर्तीकडे करू नका.

पण मराठी वाचकाने खरा वेळ द्यावा तो भोवतालच्या ओवरीला. तिथे भिंतींवर १७८ चित्रांत अख्खं रामाकियन, म्हणजे थायलंडचं रामायण, रंगवलेलं आहे. उत्तरेकडून सुरुवात करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चालायचं. फ्रा राम, सीदा, थोत्साकान म्हणजे दशकंठ रावण ओळखू येतात. हनुमान पांढरा, आणि तो ब्रह्मचारी नाही! सेतू बांधताना दगड पळवणारी सुवन्नमच्छा ही रावणाची मुलगी, एक मत्स्यकन्या, हनुमानाच्या प्रेमात पडते. समुद्राची चित्रं शोधलीत तर हा प्रसंग सापडतो. निदान अर्धा तास इथे काढा; सोनेरी कळसांचे फोटो कुणीही काढतं, पण आपल्या ओळखीची गोष्ट दुसऱ्या देशाने किती आपलीशी केली आहे हे इथेच कळतं.

अकराच्या सुमारास बाहेर पडा आणि दक्षिणेला पंधरा मिनिटं चालत वाट फोला या (‘वाट’ म्हणजे देऊळ). तिकीट ३०० बात, त्यात पाण्याची बाटली येते. पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच: आत विटा, वर गिलावा, त्यावर सोन्याचा वर्ख. डोक्याकडून सुरुवात झाली की लोक चेहऱ्यापाशी अडकतात. तुम्ही पुढे सरकून तळपायांशी थांबा. तिथे शिंपल्याच्या जडावकामात १०८ शुभचिन्हं आहेत. मागच्या बाजूला १०८ कांस्यपात्रं मांडलेली असतात, सुटी नाणी घेऊन प्रत्येकात एक टाकायचं. आवारात व्यायाम करणाऱ्या ऋषींचे लहान दगडी पुतळे आहेत. मालिश आणि औषधविद्येचं ज्ञान इथे शिलालेखांत कोरून ठेवलं गेलं, आणि पारंपरिक मालिशची शाळा आजही याच आवारात चालते. दुपारी एक ते तीन ही वेळ तिथे घालवणं हा मला या दिवसाचा सगळ्यांत शहाणा खर्च वाटतो. आधी नाव नोंदवा, मग जेवून या. थाई मालिशमध्ये तेल नसतं, दाब आणि ताण असतो. दुखलं तर ‘बाव बाव’ म्हणजे हळू, हे सांगायला संकोचू नका.

जेवणासाठी जवळच्या था तियेन धक्क्याच्या गल्ल्या. पॅड थाई मागवण्यापूर्वी तव्याकडे नीट बघा. एका वेळी एक-दोनच प्लेटा परतल्या जात असतील तर थांबा. मोठा ढीग करून ठेवला असेल तर पुढे चला. भिजवलेल्या तांदळाच्या शेवयांना चिंच, ताडगूळ आणि मासळीचा रस यांचा सॉस प्रखर आचेवर लगेच आटून चिकटायला हवा. कढई भरली की आच पडते, शेवया पाणी धरतात आणि लगदा होतो. मोड आणि लसणीची पात शेवटी पडतात, म्हणून ती कचकचीत राहिली पाहिजेत. टेबलावर साखर, मिरचीची भरड, मासळीचा रस आणि व्हिनेगरमधल्या मिरच्या असतात. चव तिथे स्वतः जुळवायची असते, आणि थाई माणूस साखरही मोकळेपणाने घालतो.

शाकाहारी लोकांची खरी अडचण मांसाचे तुकडे नसून नाम प्ला म्हणजे मासळीचा रस, कापी म्हणजे कोळंबीची पेस्ट, आणि ऑयस्टर सॉस ही आहे. ‘भाजीच द्या’ म्हटलं तरी हे तिन्ही त्यात असू शकतात. पिवळ्या झेंड्यावर किंवा पाटीवर इंग्रजी सतरासारखं दिसणारं लाल अक्षर शोधा. त्याचा उच्चार ‘जे’. तिथे मांस, मासे, अंडी, दूध काही नसतं, आणि कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन मंडळींना हाच मार्ग सर्वांत सोपा. अंडं चालत असेल तर ‘मांसाविरात’ म्हणा. इतर ठिकाणी ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे मासळीचा रस नको, आणि त्याऐवजी सोया सॉस.

कच्च्या पपईचं सोम ताम खाणार असाल तर आपण तिखट खातो या भरवशावर राहू नका. लहान कच्च्या मिरच्या खलात ठेचल्या जातात आणि त्यांचा तिखटपणा जिभेवर लगेच चढतो. मिरच्या मोजून सांगा: ‘प्रिक सोंग मेत’, दोन मिरच्या. दोनच पुरतात. त्यातही मासळीचा रस आणि बहुतेकदा सुकी कोळंबी असते, हे शाकाहारींनी लक्षात ठेवावं. बर्फाबद्दल धास्ती असेल तर मध्ये भोक असलेल्या नळीसारख्या तुकड्यांचा बर्फ कारखान्यातला असतो, तो घ्यायला हरकत नाही.

साडेतीनला था तियेनहून पाचेक बातच्या छोट्या बोटीने पलीकडे वाट अरुणला जा. तिकीट २०० बात. पाचूचा बुद्ध आधी काही वर्षं इथेच होता. मधला उंच मनोरा जवळून पाहिला की कळतं, नक्षी रंगवलेली नाही, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे आणि शिंपले बसवून केलेली आहे. पायऱ्या फार उभ्या आहेत. चढणं सोपं, उतरताना कठड्याला धरून, तिरकं पाऊल टाकत या. दाराशी उभे दोन राक्षस चुकवू नका: त्यांतला हिरवा थोत्साकान, म्हणजे सकाळचा रावणच. साडेपाचच्या आत परत पूर्वेकडच्या काठावर या, कारण सूर्य या मनोऱ्याच्या मागे मावळतो. मावळतीचं चित्र मंदिरातून दिसत नाही, ते समोरच्या काठावरून दिसतं.

तिथून सनाम चाय मेट्रो स्थानक चालत दहा मिनिटांच्या आत. दोन स्थानकं पुढे वाट मांगकोन, आणि बाहेर पडलात की याओवारात, म्हणजे बँकॉकचं चायनाटाउन. या मार्गावर संपर्करहित बँक कार्ड फाटकावर टेकवून चालतं, पण त्यावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू केलेले हवेत.

सोमवारी याओवारातला येऊ नका, बरेच गाडे त्या दिवशी बंद असतात. इतर दिवशी सातनंतर रंग चढतो. इथे एका टेबलाशी बसून पोट भरण्यात अर्थ नाही. दोघांत एक प्लेट, आणि पुढे. मांसाहारींनी कुआय जाप घ्यावं: मिरपुडीच्या झणझणीत रश्शात गुंडाळलेल्या तांदळाच्या शेवया आणि डुकराचं मांस. किंवा होय तोद, शिंपल्यांचं अंडं घातलेलं कुरकुरीत धिरडं. शाकाहारींना भाजलेले चेस्टनट आणि आप्पेपात्रासारख्या लोखंडी तव्यातलं खानोम क्रोक: तांदूळ आणि नारळाच्या दुधाचं, कडेने कुरकुरीत आणि मध्ये पातळ. ते गरमच खायचं असतं, गार झालं की कड मऊ पडते. पातीचा कांदा किंवा मका घातलेलं मिळतं. साधंही मागता येतं. आल्याच्या पाकातले तिळाचे गोळे घेण्याआधी विचारा, सारणात डुकराची चरबी असू शकते.

आंबा आणि चिकट भात मार्च ते मे या हंगामात सर्वोत्तम. भात तासन्‌तास भिजवून वाफवतात आणि गरम असतानाच त्यावर साखर-मीठ घातलेलं नारळाचं दूध ओततात. गार भात ते शोषत नाही, मग दूध खाली साचतं आणि दाणे कोरडे राहतात. म्हणून प्लेटीत दूध तळाला साचलेलं दिसलं तर पुढच्या गाड्यावर जा. आंबा तुमच्यासमोर चिरणारा गाडा निवडा.

रात्री टॅक्सीवाले इथे मीटर टाकायला नकार देतात. मेट्रो साधारण मध्यरात्रीपर्यंत असते. अकरापर्यंत वाट मांगकोनच्या जिन्याशी पोहोचलात तर भाव करायची वेळच येत नाही. ड्युरियन मात्र सोबत घेऊ नका, मेट्रोत आणि बहुतेक हॉटेलांत त्याला बंदी आहे.