आशाताईच्या वहीतली तारीख

गुरुवार, १० जून २०२१. संध्याकाळचे पावणेसात झाले असतील, मी ऑपरेशन थिएटरात, म्हणजे ओटीत, उद्याच्या सीझरचं सामान निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हला लावत होते आणि मोबाईलवर लॅबचा कोविडचा रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह. नाव वाचलं आणि पोटात गोळाच आला, कारण ती आधीच दोन सीझर झालेली, ३९ आठवडे भरत आलेले, आणि सकाळी ९ ला तिचं तिसरं ठरलेलं.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी प्रसूतिगृहात स्टाफ नर्स आहे. त्या काळात आमच्याकडं नियमच होता, सीझर ठरलं की दोन दिवस आधी स्वॅब, मग पेशंट कुणी का असेना. भूल देणारे सर तीन-चार दवाखाने फिरतात, घरी म्हातारे वडील, ते रिपोर्ट बघितल्याशिवाय हात लावत नव्हते. त्यात मला त्यांचं काही चूक वाटत नव्हतं, एप्रिलमध्ये आम्ही काय काय बघितलं ते आमचं आम्हाला माहीत.

खरं तर ऑपरेशन गुरुवारीच होणार होतं, पण त्या दिवशी अमावास्या आणि वरून सूर्यग्रहण. आमच्या डॉक्टर मॅडमनी तिच्या सासूबाईंना समजावलं की मावशी, हे ग्रहण आपल्या महाराष्ट्रात दिसणारच नाही, पण मावशी काही केल्या ऐकेनात, मग एका दिवसानं बिघडत नाही म्हणून मॅडमनी शुक्रवार दिला. आणि नेमका ग्रहणाच्याच दिवशी हा रिपोर्ट. मावशी कपाळाला हात लावून खालीच बसल्या, "म्हणलं नव्हतं का मी? म्हणलं नव्हतं का?"

सरांना फोन केला तर ते एकच म्हणाले, अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजला पाठवा, नाहीतर १४ दिवस थांबा. त्यांची भीती अशी की मणक्यातली भूल नीट लागली नाही तर पूर्ण भूल द्यावी लागते, घशात नळी घालावी लागते, आणि त्या वेळी त्यांचं तोंड पेशंटच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. पण दोन सीझर झालेली गर्भपिशवी १४ दिवस थांबते का? कळा सुरू झाल्या आणि जुना टाका आतून उसवला तर आई आणि लेकरू दोन्ही हातचे जातात, आणि आमच्या रस्त्यांवर रात्री-अपरात्री गाडी मिळून अंबाजोगाई गाठेपर्यंत काय होईल याचा नेम नाही. मॅडम केबिनमध्ये येरझाऱ्या घालायल्या होत्या. मला म्हणाल्या, १०८ ला फोन लावून ठेव आणि तिला सांग.

मी पीपीई किट घालून खोलीत गेले. ती जेवायला बसली होती, डब्यातली भाकरी, पिठलं, ठेचा. मी काही बोलायच्या आधीच ती सहज म्हणाली, "सिस्टर, ठेच्याला आजून वास येईना बघा."

आजून म्हणजे?

ती एकदम गप्प. सासूकडं बघायला लागली. सासू खिडकीबाहेर. मी खुर्ची ओढून बसले, म्हणलं मावशी, आता लपवाल तर मी काहीच करू शकत नाही, खरं काय ते सांगा.

मग निघालं सगळं. नवरा-बायको दोघं ऊसतोडीला, हिनं सातव्या महिन्यापर्यंत मोळ्या उचललेल्या. पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, एप्रिलमध्ये गावी आले आणि पंधरा दिवसांत सगळी वस्ती तापानं फणफणली. आरोग्य केंद्रात अँटिजेन टेस्ट केली, ही पॉझिटिव्ह. शेतातल्या आखाड्यावर वेगळी राहिली, बरी झाली. नंतर सोनोग्राफीला एका ठिकाणी गेले, तिथं खरं सांगितलं तर दारातूनच परत पाठवलं. त्या दिवसापासून घरात ठरलं की कुणालाच सांगायचं नाही. "माय, कुनी हातच लावायला तयार नव्हतं, काय करावं आमी?" मावशी रडायला लागल्या आणि मला त्यांचा रागच येईना.

राग माझाच आला मला. भरती करताना फॉर्म मीच भरला होता. ताप, खोकला, सर्दी आहे का विचारलं, नाही म्हणाली, मी तीन टिका मारल्या आणि नाकात कांडी घातली. आधी कधी झाला होता का, हे विचारलंच नाही मी. त्यांनी लपवलं असतं कदाचित, पण मी विचारायला पाहिजे होतं.

आता नुसत्या तोंडी सांगण्यावर सर कसे मानणार? केंद्रातला कागद कुणीतरी फाडून टाकलेला, मेसेज आला होता तो मोबाईल बंद पडलेला. मग तीच म्हणाली, आशाताईकडं लिहिलेलं असंल, रोज बोटाला ती मशीन लावायची. आशाताईला फोन लावला तर ती चुलीपुढं, म्हणाली दहा मिनिटं द्या, वही काढते. आणि व्हॉट्सॲपवर पानाचा फोटो आला. निळ्या पेनानं, सरळ रेघा मारून, नाव, वय, गरोदर आठवा महिना, २ मे अँटिजेन पॉझिटिव्ह. खाली रोजचा ताप आणि ऑक्सिजन, ९७, ९६, ९७, ९७, चौथ्या दिवसापासून ताप नाही, असं पार १४ दिवस. पुढच्याच आठवड्यात, १५ जूनला, राज्यभरच्या आशाताई मानधन वाढवून मिळावं म्हणून संपावर गेल्या तेव्हा मला ते पानच डोळ्यांसमोर येत होतं.

२ मे ते आम्ही स्वॅब घेतला तो ९ जून. कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं, अडतीस दिवस.

मॅडमनी तो फोटो मोठा करून बघितला आणि त्यांचा चेहराच बदलला. लॅबला फोन करून सीटी विचारली, ३४ निघाली. सीटी म्हणजे विषाणूचा तुकडा सापडायला मशीनला किती फेऱ्या माराव्या लागल्या तो आकडा, फेऱ्या जितक्या जास्त तितका माल कमी, आणि ३५ पर्यंत पॉझिटिव्हच धरायचं असा तेव्हा नियम होता. पण मॅडम म्हणाल्या, सीटीवर एकटीवर मी जाणार नाही, स्वॅब नीट घेतला नसेल तरी आकडा वर जातो. तारीख महत्त्वाची. सौम्य आजारात दहा दिवसांनंतर माणूस दुसऱ्याला सहसा देत नाही, मेलेल्या विषाणूचे तुकडे मात्र आरटीपीसीआरला, म्हणजे आपल्या या स्वॅबच्या टेस्टला, तीन-तीन महिने सापडू शकतात. मग त्यांनी ड्रॉवरमधून आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, ४ मे चं पत्रक काढलं, एकदा पॉझिटिव्ह आलेल्याची आरटीपीसीआर परत करू नका असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. म्हणजे हा स्वॅब घ्यायलाच नको होता. पत्रक महिनाभर दवाखान्यात पडून होतं आणि आम्ही सगळ्यांच्या नाकात कांड्या घालत होतो.

सरांना वहीचा फोटो पाठवला. बराच वेळ काही नाही. मग फोन आला, आता ताप आहे का, चालल्यावर ऑक्सिजन किती राहतो, प्लेटलेट किती. मी तिला व्हरांड्यात सहा मिनिटं चालवलं, एवढं मोठं पोट घेऊन बिचारी एका हातानं कंबर धरून चालली, ९८ ची ९८. सर म्हणाले, "येतो सकाळी."

आले, आठलाच आले. एन-९५, वरून फेस शील्ड, ओटीत लागतील तेवढीच माणसं. सुई द्यायच्या आधी त्यांनी तिची छाती किती वेळ तपासली, पुढून मागून, आणि तिला म्हणाले, घाबरू नको पोरी.

मॅडमनी पोट उघडलं आणि एक मिनिट हात थांबवला. मला म्हणाल्या, इकडं बघ. पिशवीचा खालचा भाग इतका पातळ झालेला की पारदर्शक पडद्यासारखा, त्यातून पाणी हललेलं दिसत होतं आणि लेकराचे काळे केस. इतक्या वर्षांत मी असं दोनदाच बघितलंय. कुणी काहीच बोललं नाही. सर उठून डोकावून बघून परत जागेवर बसले. कळा लागल्या असत्या तर तो पडदा किती वेळ टिकला असता...

मुलगी झाली, दोन किलो सातशे, निघताच रडली. आईला मास्क लावून, हात साफ करून लगेच अंगावर पाजायला दिली, पॉझिटिव्ह रिपोर्टमुळं लेकरू वेगळं ठेवायचा विषयच कुणी काढला नाही. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून मॅडमनी पुढं काही दिवस पोटावरची इंजेक्शनं तेवढी चालू ठेवली.

फॉर्मवर त्याच दिवशी मी पेनानं एक ओळ वाढवली, आधी कोविड झाला होता का, तारीख, कुणाकडं नोंद आहे. आणि ते विचारताना मी आधीच सांगायला लागले की हो म्हणालात तरी परत पाठवणार नाही. मग बायका सांगायच्या. जानेवारी २०२२ मध्ये आयसीएमआरनं लक्षणं नसतील तर बाळंतपण-ऑपरेशनच्या आधी टेस्टच नको म्हणून सांगितलं तेव्हा आमच्याकडचा तो नियमही गेला.

टाके काढायला आठव्या दिवशी मावशीच आल्या तिला घेऊन, लेकरू पदराखाली. दारातच थांबल्या, आत येईनात. मी म्हणलं या की.

"सिस्टर, परत ती कांडी घालायची का नाकात? तसं असंल तर आदीच सांगा."

नाही म्हणलं मावशी, या आत.