जोडीच्या तारा

मंगळवार, रात्र

"ट्यूनर हिरवा झाला की, मावशी. अजून काय?" तंबोरा लावताना चिनूचं एवढंच वाक्य, पण संध्याकाळपासून डोक्यातून जात नाही.

हिरवा झाला म्हणजे सूर जवळ आला, इतकंच. पेटीच्या काळी एकचा षड्ज १३८.६ हर्ट्झ. जोडीच्या, म्हणजे एकाच षड्जात लावायच्या मधल्या दोन तारांत चार सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक उरला तरी दर तीन सेकंदांनी आवाजाच्या चढउताराची एक लाट येते. तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार मूळ सुराच्या पाचपट, तेव्हा तिथे ती लाटही पाचपट वेगाने थरथरते. दिवा हिरवा, आणि गंधार उभाच राहत नाही. त्यात चिनू तार जोरात ओढते. जोरात छेडलेली तार आधी किंचित चढी लागते, मग खाली येते. ट्यूनर नेमका तो पहिला क्षण धरतो.

अजून काय! खुंटीने सूर जवळ आणायचा, मग तारेत ओवलेला मणी केसभर सरकवायचा. दुसरी जोड पहिलीत विरघळली की खर्ज, म्हणजे खालचा सा; पंचम शेवटी. मग जवारीचा, म्हणजे घोडीवर तारेखाली सरकवायचा दोरा. तो जरा चुकला की तार एक तर बोथट बोलते, नाहीतर किरकिरते. आणि दोरा हलला की सूरही थोडा हलतो, म्हणजे पुन्हा मणी. इथे ग्वाल्हेरला मे महिन्यात लाकूड इतकं सुकतं की खुंट्या आपोआप सुटतात. खडू लावून दाबून बसवाव्या लागतात. पावसाळ्यात त्याच खुंट्या फुगून अडकतात.

हे सगळं सांगायचं कुणाला? अर्धा तास चार तारांपाशी बसायला आता कुणाला वेळ आहे? आबा गेल्यापासून तर... जाऊ दे. कधी वाटतं, हा कान आपल्याबरोबरच संपणार.

पण कान सांगून येतच नाही. आधी नुसती लाट ऐकू येते. बऱ्याच महिन्यांनी ती थांबल्याचं कळतं. खर्जातला गंधार त्यानंतर, आणि पंचमाच्या पोटातला निषाद कितीतरी वर्षांनी. पेटीवर शिकलेल्या मुलांना तंबोऱ्याचा गंधार उतरलेला वाटतो, कारण तो पेटीच्या गंधारापेक्षा साधारण चौदा सेंट खाली असतो. भूप, यमन गाताना गंधार वादी, म्हणजे रागाचा मुख्य सूर. तिथे हा फरक गळ्यात उतरायलाच हवा. यातली एकही पायरी कुणाला गाळता आलेली नाही. आबांनाही नाही.

आणि चिनूने निदान विचारलं तरी. बाकीची मुलं हिरवा दिवा दिसला की गायलाच लागतात.

उद्या ट्यूनर कपाटात. पंचम, खर्ज दोन्ही सोडून द्यायचे. फक्त जोड, बोटाच्या मांसल कडेने, हळू. लाट मोजायला सांगेन, सूर लावायला नाही. पाऊण तासातला अर्धा तास त्यातच जाईल. परीक्षेच्या बंदिशी राहिल्या म्हणून वहिनी कुरकुरतील. त्यांना मी बघून घेईन.